उजेड वाढला, पण नेमके काय वाढले?

फोंड्याजवळच्या एका महाविद्यालयात एमएस्सी करणाऱ्या विद्यार्थिनीने विचारले आहे: "प्रकल्पासाठी लेड सल्फाइडचे क्वांटम डॉट बनवले. १२०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देतात, पण फारच मंद. पेरोव्स्काइटचे आवरण दिले तर हा निकट-अवरक्त प्रकाश कित्येक पटींनी वाढतो असे वाचले. हे खरे का, कशामुळे होते, आणि ग्लव्हबॉक्स नसलेल्या आमच्या प्रयोगशाळेत पावसाआधी जमेल का?"

आधी शब्द. क्वांटम डॉट म्हणजे काही नॅनोमीटरचे अर्धवाहक स्फटिक. पेरोव्स्काइट म्हणजे इथे शिसे आणि ब्रोमीन किंवा आयोडीन असलेल्या, विशिष्ट रचनेच्या स्फटिकांचे कुटुंब. निकट-अवरक्त म्हणजे लाल रंगाच्या लगेच पलीकडचा प्रकाश, आणि ग्लव्हबॉक्स म्हणजे हवा-ओलावा आत न येऊ देणारी, बाहेरून हातमोज्यांनी काम करायची बंद पेटी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: हो, खरे आहे. मी स्वतः पाहिले आहे. पाहिले म्हणजे डिटेक्टरने पाहिले, कारण १२०० नॅनोमीटर डोळ्यांना दिसत नाही आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही नाही. टीव्हीच्या रिमोटचा ९४० नॅनोमीटरचा ठिपका कॅमेऱ्यात जांभळट दिसतो, म्हणून दरवर्षी कोणीतरी फोन घेऊन माझ्या बाटलीपाशी उभे राहते. पण कॅमेऱ्याचा सेन्सर सिलिकॉनचा असतो, आणि ११०० च्या पुढे सिलिकॉन काचेसारखा पारदर्शक होतो. तुम्हाला इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा डिटेक्टर लागेल. तो तुमच्याकडे नसेल तर आधी त्याची सोय करा, रसायने नंतर.

आता "वाढतो" या शब्दाकडे. या एका शब्दाखाली निदान तीन-चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि शोधनिबंध वाचताना त्या एकमेकींत मिसळून जातात. म्हणून तुमच्या प्रश्नाला माझा उलटा प्रश्न: उजेड वाढला तर नेमके काय वाढले?

आधी तुमचे डॉट मंद का आहेत ते पाहू. लेड सल्फाइडचा मूळचा बँडगॅप (प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा) जेमतेम ०.४१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. स्फटिक लहान करत गेले की तो वाढतो, आणि साधारण ४ नॅनोमीटर व्यासाच्या डॉटमध्ये १ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास येतो. म्हणजे तुमचे १२०० नॅनोमीटर. इथवर सगळे छान. अडचण अशी की हा पदार्थ प्रकाश द्यायला फार वेळ घेतो. प्रकाश शोषल्यावर इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन उठून गेल्यावर उरलेली रिकामी जागा) यांची जोडी तयार होते, आणि ती एकत्र येऊन फोटॉन बाहेर पडायला लेड सल्फाइडमध्ये मायक्रोसेकंद-दोन मायक्रोसेकंद लागतात. सीझियम लेड ब्रोमाइड या पेरोव्स्काइटच्या नॅनोस्फटिकात हेच काम काही नॅनोसेकंदांत उरकते.

हा फरक किती महागात पडतो त्याचा हिशोब करा. समजा डॉटच्या पृष्ठभागावर एक दोष आहे आणि तो दर १०० नॅनोसेकंदांत जोडी गिळतो. ब्रोमाइडला प्रकाश द्यायला ५ नॅनोसेकंद लागतात, तर त्याच्या शंभरातल्या ९५ जोड्या उजेड देऊन मोकळ्या होतात. लेड सल्फाइडला २००० नॅनोसेकंद लागतात, तर त्याच्या शंभरातल्या पाचही धड वाचत नाहीत. भोक तेच, गळती तीच, पण एक घागर पटकन रिकामी करून ठेवली आणि दुसरी रात्रभर तशीच भरलेली राहिली. निकट-अवरक्त डॉट मंद असतात ते बहुतेक याच कारणाने, आणि तुमच्या हाताला दोष देण्याआधी हे लक्षात घ्या.

भोके येतात कुठून? ४ नॅनोमीटरच्या डॉटमध्ये साधारण १३०० अणू. त्यांतले तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पृष्ठभागावर. म्हणजे डॉट हा जवळजवळ सगळा सालच आहे, गर थोडा. तुम्ही ओलेइक आम्ल वापरले असणार. त्याचे लांब रेणू पृष्ठभागावरच्या शिशाला एका टोकाने धरून उभे राहतात, पण १८ कार्बनांची शेपटी असलेले रेणू इतक्या दाटीवाटीने प्रत्येक जागी बसू शकत नाहीत. काही बाजू उघड्या राहतात. तिथे ऑक्सिजन येतो, ओलावा येतो, आणि धुताना इथेनॉल जरा जास्त झाले की असलेले रेणूही सुटून जातात. दोनदा धुतलेले डॉट चमकतात आणि चौथ्या धुण्यानंतर विझतात, हा अनुभव तुम्हालाही आलाच असेल.

इथे पेरोव्स्काइट येते, आणि का येते ते समजायला आपल्याकडचा चिरा आठवा. जुन्या चिऱ्याच्या घराला नवी खोली जोडायची तर गवंडी आधी काय बघतो? नव्या चिऱ्याची उंची जुन्या थरांना जुळते का. थर जुळले तर भिंत एकजीव होते. नाही जुळले तर जोडावर फट राहते आणि पहिल्याच पावसात तिथून ओल येते. स्फटिकांचेही तेच. लेड सल्फाइडच्या जाळीचा एकक ५.९४ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग), सीझियम लेड ब्रोमाइडच्या घनाकृती जाळीचा ५.८७. फरक सव्वा टक्क्याच्या आत. शिवाय दोन्हीकडे शिसेच, त्यामुळे डॉटच्या कडेच्या शिशाच्या अणूला आपण कुठल्या घरचे हा प्रश्नच पडत नाही: एका बाजूला गंधक, दुसऱ्या बाजूला ब्रोमीन. लोंबकळणारे बंध उरत नाहीत. सेंद्रिय रेणूंनी पृष्ठभाग झाकणे म्हणजे भिंतीवर ताडपत्री टाकणे. जाळी जुळणारे कवच म्हणजे भिंतीला भिंत जोडणे.

आयोडाइड घेतले तर जुळणी इतकी चांगली नाही. मिथाइलअमोनियम लेड आयोडाइडचा एकक ६.३ अँगस्ट्रॉमच्या जवळपास, म्हणजे ६ टक्के फरक. मोठ्या स्फटिकावर हे चालणार नाही, दर सोळा-सतरा थरांमागे एक थर निसटेल. पण तुमच्या डॉटची रुंदीच मुळी सात एककांची! सात थरांत साचणारी चूक अर्ध्या थरापेक्षा कमी. एवढा ताण दोन्ही जाळ्या थोडे वाकून सोसतात. २०१५ साली टोरंटोच्या सार्जंट गटाने लेड सल्फाइडचे डॉट याच आयोडाइडच्या स्फटिकात, जाळीला जाळी लावून, बसवून दाखवले. पुढच्याच वर्षी त्याच धर्तीच्या थरातून निकट-अवरक्त एलईडी आला, बाह्य क्वांटम कार्यक्षमता (आत सोडलेल्या दर शंभर इलेक्ट्रॉनांमागे बाहेर आलेले फोटॉन) ५.२ टक्के. आकडा लहान वाटेल, पण त्या तरंगलांबीच्या डॉटच्या एलईडीसाठी तेव्हा तो चांगलाच होता.

ओलेइक आम्ल काढून टाकण्याचा आणखी एक फायदा आहे आणि तो पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. कार्बन-हायड्रोजन बंधाचे कंपन ०.३६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे. त्याचे पहिले अधिस्वर (साधारण दुप्पट ऊर्जेचे कंपन; दुसरे म्हणजे तिप्पट) १७०० नॅनोमीटरच्या आसपास पडते आणि दुसरे बरोबर तुमच्या १२०० च्या शेजारी. म्हणजे डॉटमधली १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा शेपटीतल्या कंपनांना तीनच घासांत गिळता येते. पेरोव्स्काइटच्या जड जाळीची कंपने ०.०२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट किंवा त्याहून कमी. तिला हेच करायला पन्नास घास लागतील, आणि पन्नास घास एकदम घेणे निसर्गाला जमत नाही. (हीच अधिस्वरे आंबेवाल्यांच्या कामाची आहेत. आंबा न कापता तो आतून किती तयार झाला ते निकट-अवरक्त प्रकाशाने तपासतात, ते याच कार्बन-हायड्रोजन आणि ऑक्सिजन-हायड्रोजन कंपनांच्या जोरावर. आमचा मानकुराद मात्र अजून आजीच्या नाकानेच तपासला जातो, आणि नाक सहसा चुकत नाही.) म्हणून मिथाइलअमोनियम आणि सीझियम यांत निवड असेल तर मी सीझियमकडे झुकतो. मिथाइलअमोनियममध्ये पुन्हा कार्बन, नायट्रोजन आणि हायड्रोजन आलेच.

पृष्ठभाग झाकला जाणे ही एक वाढ. दुसरी वाढ भोवतालच्या माध्यमामुळे होते. लेड सल्फाइडचा अपवर्तनांक चारच्या पुढे, तेलकट सेंद्रिय भोवतालाचा १.४५. इतक्या तफावतीमुळे बाहेरचे विद्युतक्षेत्र डॉटच्या आत पुरेसे शिरत नाही, आणि जो प्रकाश आत येऊ शकत नाही तो त्याच वाटेने बाहेरही सहज जात नाही. भोवती २.२-२.३ अपवर्तनांकाचे पेरोव्स्काइट आले की ही तफावत घटते आणि डॉट लवकर प्रकाश देतो. गोल डॉटचे साधे सूत्र घेऊन कागदावर हिशोब केला तर प्रकाश देण्याचा वेग पाचपटीच्या आसपास वाढायला हवा. प्रत्यक्षात इतका मिळेल असे मी म्हणणार नाही, कवच पातळ असेल तर नाहीच मिळणार. शिवाय या देवाणघेवाणीची दुसरी बाजूही आहे: जास्त अपवर्तनांकाच्या सपाट थरात तयार झालेला प्रकाश आतच अडकतो. वरच्या बाजूने जेमतेम पाच टक्के सुटतो, बाकीचा कडेला पळतो. थरातला प्रकाश मोजताना समाकलन गोल (सगळ्या दिशांचा प्रकाश गोळा करणारा पोकळ गोल) हवाच, तो याचसाठी.

तिसरी वाढ सगळ्यांत दिखाऊ, आणि सगळ्यांत फसवी. पेरोव्स्काइट स्वतः उत्तम शोषक आहे. थरात नव्वद-पंचाण्णव टक्के पेरोव्स्काइट आणि बाकीचे डॉट असतील, तर लेझरचा बहुतेक प्रकाश पेरोव्स्काइटच शोषते. मग तिथले इलेक्ट्रॉन आणि होल भटकत भटकत डॉटपर्यंत येतात आणि आत पडतात. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, मानशीचे (पाण्याच्या वाटेवरचे) दार पाहिले असेल. ओहोटीला आतले पाणी दार ढकलून बाहेर जाते. भरतीला बाहेरचे पाणी तेच दार दाबून बंद करते. वाट एकाच दिशेची. इथेही तसेच. आयोडाइडच्या १.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टवरून डॉटच्या १ वर उतरलेली जोडी खोलीच्या तापमानाच्या ०.०२६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या बळावर परत चढण्याची शक्यता दहा अब्जांत एक इतकी. मात्र अट अशी की इलेक्ट्रॉन आणि होल दोघेही डॉटमध्ये उतरायला हवेत. एकच उतरला आणि दुसरा बाहेर राहिला तर उजेड नाही, नुसता विरह. डॉटचा आकार बदलला की पातळ्या सरकतात, म्हणून एका आकाराला जमलेली कृती दुसऱ्याला जमेलच असे नाही.

डॉट किती घालायचे हाही प्रश्न आहे. फार कमी घातले तर जोड्या वाटेतच पेरोव्स्काइटमध्ये संपतात आणि तुम्हाला ७८० नॅनोमीटरचा प्रकाश दिसत राहतो. फार जास्त घातले तर डॉट एकमेकांना खेटतात, ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे उड्या मारत शेवटी सगळ्यांत मोठ्या किंवा सगळ्यांत बिघडलेल्या डॉटपाशी पोचते, आणि शिखर लांब तरंगलांबीकडे सरकत सरकत मंद होते.

याला मी फसवी वाढ म्हणतो, कारण यात डॉट काडीभरही सुधारलेला नसू शकतो. त्याला फक्त जास्त खाऊ मिळाला. एलईडीत ही मोठीच गोष्ट आहे, तिथे खाऊ घालणे हेच निम्मे काम. पण तुमच्या प्रकल्पात "क्वांटम यील्ड वाढला" (म्हणजे शोषलेल्या दर शंभर फोटॉनांमागे जास्त फोटॉन बाहेर पडले) असे लिहायचे असेल तर आधी वेगळे करून दाखवावे लागेल.

ते वेगळे कसे करायचे, ते सांगण्यासाठीच खरे तर हे उत्तर लिहायला बसलो.

नमुन्यावर दोन लेझर टाका. एक पेरोव्स्काइटला शोषता येईल असा, दुसरा त्याला न शोषता आरपार जाऊ देईल आणि फक्त डॉट शोषतील असा. ब्रोमाइडचे कवच असेल तर ते ५२० नॅनोमीटरच्या पलीकडे शोषत नाही. म्हणून ४०५ चा जांभळा आणि ६५० चा लाल. लाल लेझर पॉइंटर बाजारात चहाच्या दोन-चार कपांच्या किमतीत मिळतो, पुरेसा आहे. आयोडाइडचा थर असेल तर लालसुद्धा तो गिळतो, तिथे ८०८ नॅनोमीटरचा लागेल. तो डोळ्याला जवळजवळ दिसत नाही आणि म्हणूनच धोक्याचा आहे. त्या तरंगलांबीचा चष्मा घातल्याशिवाय सुरू करू नका. आता दोन्ही लेझरखाली, कवचाआधीचा आणि कवचानंतरचा उजेड मोजा, प्रत्येक वेळी त्या तरंगलांबीला नमुन्याने किती शोषले तेही मोजा. लाल लेझरखालीही शोषलेल्या प्रत्येक फोटॉनमागे उजेड वाढला असेल तर डॉट खरोखर सुधारला. फक्त जांभळ्याखाली वाढला असेल तर तो खाऊचा परिणाम. दोन्हीकडे वाढला आणि जांभळ्याखाली जास्त, तर दोन्ही झाले आणि तुम्ही नशीबवान.

आयुर्मान मोजायची सोय झाली तर आणखी एक गाठ सुटते. भोके बुजल्यामुळे यील्ड वाढला असेल तर उजेड विझायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागेल. भोवतालच्या माध्यमामुळे वाढला असेल तर आयुर्मान उलट कमी होईल. यील्ड वर आणि आयुर्मानही वर, असे दिसले तर मी निर्धास्त झोपतो.

आता माझी फजिती. बऱ्याच वर्षांपूर्वी ५३२ च्या हिरव्या लेझरने थर मोजत होतो. एका नमुन्यात १०६४ नॅनोमीटरला असे झगझगीत शिखर आले की सगळ्यांना मिरची भजी मागवली. भजी खाता खाता आमच्या प्रयोगशाळेतल्या सहायकाने विचारले, "सर, बाकीची शिखरे डोंगरासारखी, हे एकच सुईसारखे कसे?" डॉटचे शिखर शंभर-दीडशे नॅनोमीटर रुंद असते. सुई म्हणजे लेझर. १०६४ म्हणजे ५३२ दुणे. ग्रेटिंगने (प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करणाऱ्या बारीक रेघांच्या पट्टीने) हिरव्या प्रकाशाची दुसरी कोटी, म्हणजे दुप्पट तरंगलांबीच्या जागी पडणारी त्याची नक्कल, तिथे नेऊन ठेवली होती. डिटेक्टरपुढे लाँगपास फिल्टर (फक्त लांब तरंगलांबी जाऊ देणारा) लावल्यावर शिखर गायब. वर आणखी एक गोम: स्वस्त हिरवे लेझर १०६४ च्या प्रकाशाची तरंगलांबी अर्धी करूनच ५३२ बनवतात, आणि तो १०६४ मूळ लेझर चालतो ८०८ च्या डायोडवर. दोन्हींची थोडी गळती बाहेर येते. १०६४ तुम्हाला खोटे शिखर दाखवतो, आणि ८०८ गुपचूप थेट डॉटना उजळवून वरची दोन लेझरांची परीक्षाच बिघडवतो. म्हणून हिरवा वापरणार असाल तर एक फिल्टर लेझरपुढे आणि दुसरा डिटेक्टरपुढे. भज्यांचे पैसे मात्र मलाच द्यावे लागले.

तुमच्या वाचनात "२०० टक्क्यांच्या जवळ यील्ड" असेही आले असेल, ते वेगळे प्रकरण आहे, थोडक्यात सांगतो. तिथे लेड सल्फाइड नसते. सीझियम लेड क्लोराइडमध्ये यिटर्बियमचे आयन घालतात. तीन शिशांच्या जागी दोन यिटर्बियम बसतात आणि एक जागा रिकामी राहते, विद्युतभाराचा हिशोब त्यामुळे जुळतो. ही जोडगोळी पेरोव्स्काइटची ३ इलेक्ट्रॉन-व्होल्टची ऊर्जा वाटून घेते आणि प्रत्येकी एक, असे दोन फोटॉन ९८० नॅनोमीटरच्या आसपास बाहेर टाकते. २०१८ साली अशा पातळ थरांत १९० टक्क्यांहून अधिक यील्ड नोंदवला गेला. ऊर्जा कुठून आयती मिळालेली नाही; मोजणी फोटॉनांची आहे, ऊर्जेची केली तर आकडा शंभराच्या आतच राहतो. सुंदर विज्ञान आहे, पण ४१० नॅनोमीटरपलीकडचा प्रकाश हा पदार्थ शोषत नाही आणि तरंगलांबी यिटर्बियमने ठरवलेली, तुम्हाला १२०० हवे तर उपयोग नाही. शिवाय यिटर्बियमचा उजेड मिलिसेकंदांचा, जोरदार लेझरखाली तो तुंबतो. तसेच कोणाला ८०० नॅनोमीटरच पुरेसे असेल तर डॉट हवेतच कशाला? फॉर्मॅमिडिनियम लेड आयोडाइड स्वतःच तिथे प्रकाश देते आणि २०१८ मध्ये त्याच्या एलईडीने २० टक्क्यांचा टप्पा ओलांडला. शिसे काढून कथील घातले की ९५० पर्यंत जाता येते, पण कथिलाचे पेरोव्स्काइट हवेत इतके पटकन बिघडते की ग्लव्हबॉक्सशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. हजारच्या पुढे, प्रकाशतंतूंच्या १३१० आणि १५५० पर्यंत, ही पेरोव्स्काइटे एकटी पोचत नाहीत, तिथे डॉट हवेतच.

आता तुमच्या प्रयोगशाळेचे. आयोडाइडच्या पद्धतीतला एक प्रयोग ग्लव्हबॉक्सशिवायही पाहण्यासारखा आहे. लहान बाटलीत खाली डीएमएफ (डायमिथिलफॉर्मामाइड हा द्रावक) घ्या, त्यात लेड आयोडाइड आणि मिथाइलअमोनियम आयोडाइड विरघळवा. वर ऑक्टेनमधले तुमचे काळपट तपकिरी डॉट अलगद सोडा. दोन थर वेगळे दिसतील: वर काळा, खाली फिकट पिवळा. झाकण लावून हलवा आणि ठेवून द्या. काही मिनिटांत रंग खाली उतरतो, वरचा ऑक्टेन पाण्यासारखा निवळ होतो. डॉटनी ओलेइक आम्ल सोडून आयोडाइडचे कवच घेतले, ते डोळ्यांनी दिसते. वरचा थर पूर्ण निवळला नाही, मध्ये तपकिरी साय धरली, तर तो घाणा पुढे नेऊ नका. बहुधा डॉट नीट धुतलेले नव्हते किंवा जुने होते. निवळ झाला तर वरचा ऑक्टेन काढा, ताज्या ऑक्टेनने दोन-तीनदा धुवा, टोल्युइनने डॉट खाली बसवा, आणि ब्युटिलअमाइनमध्ये पेरोव्स्काइटच्या क्षारांबरोबर विरघळवून वेगाने फिरणाऱ्या काचेवर पातळ थर द्या. ब्युटिलअमाइनचा वास माशांच्या बाजारालाही लाजवतो, फ्यूमहूड चालू आहे की नाही ते आधी बघा.

हा थर मात्र ओलाव्याचा शत्रू. पणजीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि फोंड्याकडे हवा काही कोरडी नाही. जुलैमधल्या एका शुक्रवारी तपकिरी काळे थर डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवून घरी गेलो होतो. रात्री वीज गेली, वातानुकूलन बंद. सोमवारी निळी सिलिका जेल गुलाबी आणि थर हळदीसारखे पिवळे. मिथाइलअमोनियम निघून गेले, उरले नुसते लेड आयोडाइड. त्यात डॉट होते तसेच होते, पण उजेड संपला होता.

म्हणून तुम्हाला मी ब्रोमाइडचे पातळ कवच सुचवेन, आणि तेही थर न करता, द्रावणातच. सीझियम ओलिएट आणि लेड ब्रोमाइड वापरून डॉटवर कवच वाढवायचे काम ऑक्टाडेसीनमध्ये, नायट्रोजनखाली, त्याच तीन तोंडांच्या फ्लास्कमध्ये होते ज्यात तुम्ही डॉट बनवले. रसायनशास्त्रज्ञ बावेंडींनी १९९३ मध्ये रूढ केलेली गरम द्रावणात सुई टोचण्याची पद्धत तुम्हाला येतेच. जपायचे एवढेच की सीझियम आणि ब्रोमाइड जास्त झाले तर डॉटवर कवच चढण्याऐवजी सीझियम लेड ब्रोमाइडचे वेगळे स्फटिक तयार होतात. अतिनील दिव्याखाली बाटली हिरवीगार चमकते आणि मुले खूश होतात. मला तो हिरवा रंग दिसला की शंका येते. कवच नीट बसले असेल तर हिरवा उजेड जवळपास विझायला हवा, कारण ती ऊर्जा खाली डॉटमध्ये गेलेली असते. हिरवा मंद आणि १२०० तेज, ही खूण. धुताना इथेनॉल नको, मिथिल अॅसिटेट घ्या, तेही थेंबाथेंबाने. पेरोव्स्काइट ध्रुवीय द्रावकात विरघळते, आणि एका घाईच्या धुण्यात आठवडाभराचे काम वाहून गेलेले मी पाहिले आहे.

वाहून जाण्यावरून आठवले. यातले काहीही बेसिनमध्ये ओतायचे नाही. शिसे आहे, आणि डीएमएफमध्ये किंवा क्षारांत विरघळलेले शिसे हे खनिजातल्या शिशाहून कितीतरी सहज अंगात जाते. आपल्याकडे खाली जांभा दगड आहे, तो चाळणीसारखा, आणि कॉलेजच्या आवाराबाहेर कोणाची तरी विहीर असतेच. एक जाड प्लास्टिकची बाटली, त्यावर "शिसे" असे ठळक अक्षरात, आणि वापरलेले हातमोजेही वेगळ्या पिशवीत.

पावसाआधी जमेल का? द्रावणातले कवच आणि दोन लेझरांची परीक्षा, हो, आठ-दहा आठवड्यांत जमेल, डॉट आधीच तयार आहेत म्हणून. आयोडाइडचा थर डिसेंबर-जानेवारीसाठी ठेवा. एलईडीचा विचार या प्रकल्पात करू नका. इंडियम गॅलियम आर्सेनाइड डिटेक्टरसाठी मार्गदर्शकांच्या सहीचे पत्र घेऊन ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात किंवा झुआरीनगरला बिट्स पिलानीच्या संकुलात विचारून पाहा. जाताना नमुना क्वार्ट्झच्या क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या लहान चौकोनी नळीत), टेट्राक्लोरोइथिलीनमध्ये न्या. टोल्युइनमध्ये नेलात तर त्याचे कार्बन-हायड्रोजन बंध ११५० च्या आसपास स्वतःच प्रकाश खातील आणि तुमच्या शिखराला मधोमध एक खाच पडलेली दिसेल. ती खाच म्हणजे डॉटचे दोन आकार, असे लिहिलेला एक प्रबंध मी तपासला आहे.

लाल आणि जांभळ्या लेझरचे आकडे आले की शोषणाच्या आलेखासकट पाठवा. नुसते उजेडाचे आकडे पाठवले तर मी पुन्हा तोच प्रश्न विचारीन.